दोन बोटं पाणी

त्याला सगळे ओळंबा म्हणत. शर्टाच्या खिशात तो कायम पितळेचा ओळंबा ठेवायचा. भिंत सरळ उभी आहे का, ते दोरीला टांगून बघायचं वजन. लग्नाला गेला तरी खिसा जड. एकदा कुणाकडे पाहुणा म्हणून गेला होता. चहा येईपर्यंत त्याने उठून दाराच्या चौकटीला ओळंबा लावला, बघितला आणि काही न बोलता परत बसला. घरमालकाला चहा गोड लागला नाही.

आम्ही दोघे गवंडी. चौतीस वर्षं जोडीने काम केलं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, हाताने माझ्याहून हळू, आणि त्याचं काम मात्र कुणी परत पाडलं नाही. त्याने स्वतः पाडलं असेल तेवढंच. एका भिंतीत दोन सूत फरक आला म्हणून त्याने दुपारी सहा थर उतरवले होते. मुकादम म्हणाला, गिलावा झाल्यावर कोणाला दिसणार आहे? हा म्हणाला, भिंतीला माहीत आहे ना. त्या दिवशी सहा थर मीही उतरवले. खांदे माझेही दुखले. तेव्हा मी त्याला मनात शिव्या दिल्या होत्या. आता खोटं कशाला सांगू?

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लग्नाआधीपासून ख्रिस्ती मंडळीत जायच्या. हा दर रविवारी त्यांना दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर पायरीवर बसायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, मला अजून कळलेलं नाही, कळलं की येईन. काम सुटलं, गुडघे गेले, पायरी गार लागायला लागली, तेव्हा आत येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागला. विश्वासामुळे नाही, पायरीमुळे. मी त्याच्या शेजारी. माझा बाप्तिस्मा अठराव्या वर्षीच झालेला. आईने सांगितलं, मी पाण्यात उतरलो, बाहेर आलो, जेवलो. त्यानंतर त्याचा विचार म्हणून केला नाही.

मंडळीचे पाळक, म्हणजे उपदेश करणारे, आमच्याहून वीस वर्षांनी लहान. आधी शाळेत गणित शिकवायचे. प्रभू येशूने लोकांपुढे बोलायला सुरुवात केली तेव्हा दोनच गोष्टी मागितल्या, असं ते सांगत. पश्चात्ताप आणि विश्वास. ओळंब्याला यात पहिली अडचण क्रमाची आली. उपदेश संपल्यावर तो पाळकांना गाठायचा. आधी कुठलं? पश्चात्ताप करून मग विश्वास ठेवायचा, की विश्वास ठेवल्यावर पश्चात्ताप होतो? पाया आधी की भिंत आधी, एवढं तरी कळू दे.

पाळक म्हणाले, दोन्ही एकदमच. दारातून आत पाऊल टाकलं की बाहेरचं आपोआप मागे राहतं, तसं.

घरी जाताना वाटेतल्या एकेका दाराकडे तो बघत होता. मग म्हणाला, "दाराचं सांगितलं खरं. पण चौकट आधी बसवावी लागते."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चौकटच बसवत बसा. जन्म गेला."

दुसऱ्या एका रविवारी पाळकांनी दोन मुलांची गोष्ट सांगितली. बाप म्हणतो, आज मळ्यात जाऊन काम करा. एक म्हणतो, नाही जात. पण नंतर त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. दुसरा म्हणतो, जातो, आणि जात नाही. मग बापाचं कोणी ऐकलं? सगळी मंडळी म्हणाली, पहिल्याने. मला वाटलं, ही गोष्ट तरी ओळंब्याला पटेल. तो बाकावर पुढे सरकून ऐकत होता. बाहेर आल्यावर त्याने पाळकांना विचारलं, "गेला ते बरं केलं. पण काम कसं केलं? ते लिहिलंय का कुठे?"

पाळक म्हणाले, ते लिहिलेलं नाही.

"मग अर्धीच गोष्ट आहे," हा म्हणाला.

पाळक हसले, पण मी बघितलं, त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

तर असं चाललं होतं. तेवढ्यात मंडळीने टाकी बांधायची ठरवली. मंडळी ज्या हॉलमध्ये जमते ते आधी फर्निचरचं गोदाम होतं. बाप्तिस्म्यासाठी दर वेळी दुसऱ्या मंडळीची टाकी मागावी लागायची. पाळकांनी आम्हाला विचारलं. ओळंबा लगेच हो म्हणाला, मजुरी नको म्हणाला आणि माझ्या वतीनेही नको म्हणाला. आठ फूट लांब, पाच रुंद, चार खोल, तीन पायऱ्या. जमिनीत खोदून. जाग्यावर बसूनच त्याने कागदावर काढली.

याच टाकीत आपणही उतरायचं, असं त्याने त्या कामातच ठरवलं. का, ते मला सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं, आणि वहिनींनी लेकीला फोन केला. लेक लांबच्या शहरात नोकरीला. तिने आठवड्याची रजा काढली, तिकिटं काढली. रविवार ठरला. बाकी दोन माणसंही त्याच दिवशी उतरणार होती. वहिनी एरवी कधी काही मागत नाहीत. त्या मला म्हणाल्या, "एकतीस वर्षं पायरीवर बसले हो. लेकीसमोर एकदा पाण्यात उतरू देत, मग माझं काही म्हणणं नाही."

आता माझी गोष्ट सांगावी लागेल, कारण ती त्याच्या गोष्टीत अडकली आहे.

टाकीच्या तळाला पाणी सोडायचा पाइप असतो. प्लास्टिकचा. प्लास्टिक गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही. म्हणून पाइपाला बाहेरून चिकट सोल्यूशन फासायचं, त्यावर जाड वाळू भुरभुरायची, वाळू घट्ट बसू द्यायची आणि मगच भोवती सिमेंट-वाळूचा माल भरायचा. तोही एकदम नाही, दोनदा. पाच मिनिटांचं काम, अर्ध्या तासाचं थांबणं. हे मला ओळंब्यानेच शिकवलं होतं. तो त्या दिवशी कोपऱ्यांची गोलाई करत होता आणि तळाचा पाइप माझ्याकडे होता. सोल्यूशनचा डबा पिशवीत होता. झाकण घट्ट बसलेलं. मी दोनदा फिरवलं, निघालं नाही. डबा परत पिशवीत टाकला आणि पाइप तसाच बसवून माल भरला.

मला घाई नव्हती. मी आजारी नव्हतो. घरी कुणी वाट बघत नव्हतं. झाकण घट्ट होतं, बस. वर्षातून चार वेळा भरायची टाकी, तिला काय होतंय, असं वाटलं.

रविवारला तीन आठवडे असताना टाकी भरली. ओळंब्याने पाण्याच्या कडेला टाकीच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. शेजारी पाणी भरलेली बादली ठेवली आणि तिच्यातही रेघ मारली. हवेने किती पाणी जातं ते बादली सांगते. उरलेलं टाकीचं पाप. हे शब्द त्याचेच, कायम म्हणायचा. दुसऱ्या दिवशी बादली होती तिथे, टाकी दोन बोटं खाली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन बोटं.

गळती शोधायची रीत आहे. टाकी रिकामी करायची आणि एकेक फूट भरत जायचं. एक फूट भरून एक दिवस थांबायचं. पाणी उतरलं तर दोष खाली आहे. नाही उतरलं तर आणखी एक फूट. ही रीतही त्याचीच. शिकाऊ गवंड्यांना तो दम द्यायचा, आधी बघा, मग छिन्नी हातात घ्या. तळात एक फूट पाणी भरलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळं उघड झालं असतं. तो तसंच करणार आणि माझं उघडं पडणार, असं मी धरून होतो.

त्याने तसं केलं नाही. टाकी रिकामी केली, आत उतरला आणि थेट डाव्या मागच्या कोपऱ्यापाशी गेला.

मला म्हणाला, हा कोपरा केला त्या दिवशी सकाळी बायकोशी भांडून आलो होतो. ती म्हणाली, टाकी बांधताय, पण मनात काय आहे? मी म्हणालो, मनाचं तू बघू नकोस. दिवसभर डोकं तापलेलं होतं. हात चालत होता, मन कोपऱ्यात नव्हतं. इथेच गळतंय.

मी म्हणालो, एक फूट भरून तर बघू.

तो म्हणाला, "माझं मला माहीत आहे."

दोन दिवस त्याने तो कोपरा फोडला. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन, बसून, सरकत. त्याचा माल त्यालाच फुटेना, इतका चांगला होता. मी घमेली भरून बाहेर टाकत होतो. प्रत्येक घमेल्याला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक घमेल्याला वाटायचं, कोण जाणे, कोपराच असेल. पाइप असेलच असं कुठे आहे? माणूस स्वतःला किती आणि कसलं सांगू शकतो, ते मी त्या दोन दिवसांत बघितलं.

कोपरा नव्याने केला. खाली मान घालून. पाळक बघायला आले तेव्हा त्यांना म्हणाला, आता मला पश्चात्ताप कळला. वाकडं काम सरळ होत नाही, फोडावं लागतं. पाळकांना गहिवरून आलं. पुढच्या रविवारच्या उपदेशात त्यांनी नाव न घेता हे सांगितलं. मंडळीने मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो.

दहा दिवस नवं काम भिजवलं. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी टाकी पुन्हा भरली. लेक त्याच दिवशी आली. बुधवारी दोन बोटं. गुरुवारी दोन बोटं.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ओळंबा जेवला नव्हता. पाळकही आले होते. स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाभोवती आम्ही पाच जण, खुर्च्या चारच. मी उभा होतो. ओळंबा पाळकांना सांगत होता की रविवारी तो उतरणार नाही. कोपरा फोडूनही गळतंय, म्हणजे पश्चात्ताप पुरता झालेला नाही. कुठेतरी खोट राहिली आहे आणि ती सापडत नाही.

पाळकांनी त्याला समजावलं. टाकीचं पाणी आणि देवाची क्षमा यांचा असा हिशोब नसतो. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराने काय दुरुस्त केलं होतं? त्याला हातही हलवता येत नव्हते. त्याने नुसतं मागितलं.

ओळंबा म्हणाला, "त्याला वेळ नव्हता. मला रविवारपर्यंत आहे."

वहिनी म्हणाल्या, "माणूस बुडायला किती पाणी लागतं? दोन बोटं कमी पडलं तर तुम्ही जरा खाली वाका."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला पाण्यात उतरायला सांगितलं होतं. धरण बांधायला नाही."

सगळे हसले. तोही हसला, पण मान नाहीच म्हणत राहिली. मग पाळकांना म्हणाला, "साहेब, विश्वास ठेव म्हणता, ठेवतो. पण टाकी गळते. ते तरी खरं आहे की नाही?"

पाळक म्हणाले, खरं आहे. आणि वही उघडून तशीच मिटली. गणिताचा माणूस. मला त्या वेळी त्यांची दया आली.

मी तरीही बोललो नाही. लेक समोर होती, वहिनी होत्या, पाळक होते. चार माणसांत तोंड उघडेना. रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी हॉलवर गेलो. तो टाकीच्या काठावर बसून पेन्सिलीची रेघ बघत होता. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. तळाच्या पाइपाला वाळू लावली नाही.

त्याने वळून बघितलं नाही. "सोल्यूशन होतं?"

"होतं. पिशवीत."

"मग?"

"झाकण निघेना."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं. "मग मी फोडलं ते काय होतं?"

दोन दिवस तो गुडघ्यावर बसून फोडत होता ते खोटं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मी बघितलं होतं. पण कोपरा चांगला होता. जिथे दोष नव्हता तिथे त्याने जीव तोडून पश्चात्ताप केला, आणि जिथे दोष होता तिथे मी कोरडा उभा राहून घमेली वाहिली. यातलं देवाच्या खाती काय जमा झालं?

त्याने पाणी सोडलं. टाकी रिकामी झाल्यावर छिन्नी आणि हातोडा माझ्या हातात दिला आणि स्वतः पायरीवर बसला. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं की मी काम करतोय आणि तो बसला आहे. पाइपाभोवतीचा माल तीन ठोक्यांत सुटला. पाइपाला कुठेच चिकटला नव्हता, बांगडीसारखा अख्खा बाहेर आला. त्याने तो हातात घेऊन आतून बोट फिरवलं. आरशासारखा गुळगुळीत. मला दाखवला आणि खाली ठेवला.

मग मी पाइप घासला. डब्याचं झाकण हातोडीच्या टोकाने उचकटलं. दोन मिनिटं लागली. सोल्यूशन, वाळू, अर्धा तास. पहिला थर त्या दिवशी, दुसरा शनिवारी सकाळी. तो दोन्ही वेळा समोर बसून होता. एकदाच बोलला, "कड दाब." मी दाबली.

रविवारी टाकी रिकामी होती. तळात ओलं गोणपाट. बाप्तिस्मा दोन आठवडे पुढे गेला. पाळकांनी मंडळीला एवढंच सांगितलं की काम ओलं आहे. लेकीची रजा मंगळवारी संपत होती, वाढवून मिळाली नाही. स्टेशनवर मी तिची बॅग उचलली. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "काका, झाकण घट्ट होतं तर हाक मारायची ना बाबांना." तिच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. गाडी सुटल्यावर वहिनी घरापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा हक्क होता.

मी पाळकांकडेही गेलो. विचारलं, मी सांगितलं तो पश्चात्ताप धरायचा का? कारण खरं सांगायचं तर सांगताना मनात भीतीही होती. रविवार हुकला की सोमवारी तो एकेक फूट भरून बघणारच होता आणि त्याला कळणारच होतं. मी त्याच्या आधी पोचलो, एवढंच. पाळकांनी वहीचं जुनं पान काढलं. म्हणाले, मळ्यात गेलेल्या मुलाला वाईट का वाटलं तेही लिहिलेलं नाही. बापाच्या भीतीनेही वाटलं असेल. तो गेला, एवढंच लिहिलं आहे.

हे उत्तर आहे की नाही ते मला ठरवता आलं नाही.

टाकी सात दिवस भिजवली आणि या वेळी रीतसर, एकेक फूट भरत चार दिवसांत पूर्ण केली. पेन्सिलीची रेघ, शेजारी बादली. दोन दिवस थांबलो. पाणी हललं नाही. मी ओळंब्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. उलट घाबरल्यासारखा दिसला.

म्हणाला, "आता गळत नाही. आता कारण उरलं नाही."

रविवारी तो उतरला. वहिनींनी लेकीला फोन लावून तो हातात वर धरला होता. पाण्यात छातीपर्यंत उभा राहिल्यावर पाळकांनी दोन प्रश्न विचारले. पश्चात्ताप करतोस का? त्याने आधी कडेच्या रेघेवर नजर टाकली. मग म्हणाला, "करतो. कशाकशाचा ते सगळं अजून सापडलं नाही." दुसरा प्रश्न, विश्वास ठेवतोस का? त्याने वहिनींकडे बघितलं. म्हणाला, "ठेवतो. कमी पडेल तिथे त्याने भर घालावी." पाळकांनी त्याला धरलं आणि पाण्याखाली नेलं. वर आला तेव्हा आधी नाक शिंकरलं. खिशात ओळंबा नव्हता. तो मी सांभाळत होतो, टॉवेलबरोबर.

तो टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकताना मी त्याला काही म्हणणार होतो. त्याने हात पुढे करून ओळंबा मागितला. मी दिला.

सगळे गेल्यावर मी टाकीत बघितलं. पाणी रेघेच्या खाली होतं, जवळजवळ बोटभर. पाइपच डोळ्यांसमोर आला. मग लक्षात आलं, चार माणसं अंगभर कपड्यांत भिजून बाहेर पडली होती. पायऱ्यांपासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत सगळीकडे पाणी सांडलं होतं. तेच असणार. तरी मी खिशातून पेन्सिल काढली आणि पाण्याच्या कडेला नवी रेघ मारली.

सोमवारी सकाळी लवकर हॉलवर गेलो. दार उघडं होतं. ओळंबा काठावर पालथा पडून रेघेकडे बघत होता, आणि वहिनी कमरेवर हात ठेवून त्याच्या मागे उभ्या होत्या. माझ्या रेघेशेजारी त्याचीही एक रेघ होती. काल माझ्यानंतर तो कधी येऊन गेला कोण जाणे.

वहिनी म्हणाल्या, "काल विश्वास ठेवतो म्हणालात ना चारचौघांत? मग आज पेन्सिल कशाला?"

तो पडल्या पडल्याच म्हणाला, "देवावर ठेवतो म्हणालो. याच्या पाइपावर कुठे म्हणालो?"

वहिनी हसल्या. लेक गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी त्याच्या शेजारी पालथा पडलो. फरशी गार होती. पाणी दोन्ही रेघांना लागून होतं. तो म्हणाला, अजून एक दिवस बघू. मी म्हणालो, बघू.